कोपऱ्यावरचे सहा मजले आणि शेजाऱ्यांचं पत्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गल्लीत सगळी एक-दोन मजली घरं आहेत. कोपऱ्यावरचं जुनं बैठं घर पाडून तिथे सहा मजल्यांची, चोवीस घरांची इमारत येणार आहे. शेजाऱ्यांनी विरोधाचं पत्र तयार केलंय. वाहतूक, सांडपाणी, ऊन, पार्किंग आणि ‘परिसराचं स्वरूप बिघडेल’ अशी कारणं त्यात दिली आहेत. तुम्ही स्वतः याच भागात आधी भाड्याने राहिलात, मग घर घेतलंत. सही करायला मन होत नाही आणि नाही केली तर शेजाऱ्यांशी वाकडं येतं. म्हणून तुम्ही विचारलंय, की यात तथ्य किती आणि नुसता स्वार्थ किती?

मी बावीस वर्षं नगररचनेत आहे. सुरुवातीची वर्षं परवानगी देणाऱ्या कार्यालयात हरकती ऐकून घेण्यात गेली. नंतर सल्लागार म्हणून कधी विकासकाने बोलावलं, कधी रहिवाशांनी. त्यामुळे शिव्या दोन्ही बाजूंच्या खाल्ल्यात. स्वार्थ किती, हा हिशेब मी फार पूर्वी सोडून दिला. माणूस स्वार्थी असला म्हणून त्याची गटाराची तक्रार खोटी ठरत नाही, आणि निःस्वार्थी असला म्हणून खरी ठरत नाही. त्याऐवजी प्रत्येक हरकतीला मी एकच प्रश्न लावतो: इमारतीत काही बदल केला तर ही हरकत मिटेल, की इमारत झालीच नाही तरच मिटेल? पहिल्या जातीची हरकत सुनावणीत मांडण्यासारखी असते. दुसऱ्या जातीची हरकत कितीही प्रामाणिक असली तरी तिची जागा ती नव्हे. तुमच्या पत्रात दोन्ही एकत्र कालवल्या गेल्या आहेत, खरी अडचण तिथे आहे.

आता एकेक घेऊ. वाहतुकीपासून सुरू करतो, कारण प्रत्येक पत्रात ती पहिली असते आणि बहुतेक वेळा सगळ्यात कच्ची असते. चोवीस घरं म्हटलं की डोळ्यांसमोर चोवीस गाड्या एकदम फाटकातून बाहेर पडताना दिसतात. प्रत्यक्षात वाहतूक अभियंते मोजणी करतात तेव्हा मध्यम उंचीच्या इमारतीत गर्दीच्या तासाला घरामागे साधारण अर्धी फेरी येते, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणजे चोवीस घरांच्या तासाला दहा-बारा फेऱ्या. पाच-सहा मिनिटांना एक गाडी. तुमच्या गल्लीत आज गर्दीच्या तासाला किती गाड्या जातात ते खुर्ची टाकून एकदा मोजा, मग हा आकडा त्यात मिळवा. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य. बस किंवा रेल्वे चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर फेऱ्या आणखी कमी होतात, प्रत्येक कामाला गाडी काढावी लागणारी वस्ती असेल तर वाढतात. पण एका कोपऱ्यावरच्या इमारतीने गल्ली तुंबली, असं मी स्वतः पाहिलेलं उदाहरण नाही. तुंबते ती चुकीच्या जागी दिलेल्या फाटकाने. वळणाच्या अगदी तोंडाशी फाटक असेल तर आत जाणारी एक गाडी मागच्या चार गाड्या थांबवते. ते फाटक बारा-पंधरा मीटर आत सरकवा, एवढी मागणी पत्रात असती तर मी लगेच तुमच्या बाजूने बोललो असतो.

सांडपाण्याचं थोडं खोलात सांगतो, कारण इथे लोक योग्य तक्रार चुकीच्या पाण्याबद्दल करतात. चोवीस घरांत सत्तर-बहात्तर माणसं धरा. माणशी दिवसाला १४० लिटर म्हटलं तर दहा हजार लिटर होतात. ऐकायला मोठा आकडा. सेकंदावर आणला तर सरासरी ०.१२ लिटरच्या आत. सकाळच्या घाईत चौपट होईल, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. आता रस्त्याखालची १५० मिलिमीटर व्यासाची साधी वाहिनी घ्या, शंभर मीटरला एक मीटर उतार असलेली. ती पूर्ण भरून वाहिली तर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी नेते. नव्या इमारतीचा वाटा तीन-चार टक्के. म्हणजे वाहिनी धड असेल तर ती कुरकुरणारही नाही.

आता पावसाचं बघा. समजा तो भूखंड ६०० चौरस मीटरचा आहे. आज त्यातली बरीचशी जागा मातीची आहे, पाणी मुरतं. उद्या तिथे छत, फरशी आणि गाड्यांसाठी सिमेंट होईल. तासाला ५० मिलिमीटरची सर आली आणि सगळं पाणी वाहून बाहेर पडलं तर सेकंदाला ८ लिटरच्या वर. सांडपाण्याच्या सोळापट! बहुतेक जुन्या वस्त्यांत हे पावसाचं पाणी कुठून तरी सांडपाण्याच्या वाहिनीत शिरतं आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळ्यात खालच्या घराची मोरी उलटी वाहते. लोक म्हणतात, नव्या इमारतीने गटार तुंबलं. इमारतीनेच तुंबलं, पण संडास-मोरीच्या पाण्याने नव्हे. तेव्हा पत्रात ‘सांडपाणी व्यवस्थेवर ताण’ असं मोघम लिहू नका. पावसाचं पाणी भूखंडातच अडवून सावकाश सोडणारी टाकी किती घनमीटरची आहे, ती भरल्यावर पाणी कुठे जाणार आणि रस्त्याच्या कुठल्या वाहिनीला जोडणार, हे विचारा. कार्यालयात असताना असे प्रश्न असलेलं पत्र आलं की मी ते अभियंत्याकडे पाठवायचो आणि त्याला लेखी उत्तर द्यावंच लागायचं. ‘ताण’ या शब्दाला कुणी उत्तर देत नाही, ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो.

ऊन. ही हरकत मी कधीही हलक्यात घेत नाही. उंची १८ मीटर धरली, तर हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी तिची सावली ४० अंश अक्षांशावर सुमारे ३६ मीटर पडते, २० अंशावर १७ मीटर. म्हणजे तेच बांधकाम एका शहरात दोन घरं अंधारात टाकतं आणि दुसऱ्या शहरात जेमतेम रस्ता ओलांडतं. उत्तर गोलार्धात सावली उत्तरेला पडते, तेव्हा तुमचं घर इमारतीच्या दक्षिणेला असेल तर उन्हाच्या नावाने सही करण्यात काही अर्थ नाही. जपानमध्ये या भांडणांनी १९६०-७० च्या दशकांत इतका जोर धरला, की १९७६ मध्ये इमारत कायद्यातच सावलीची मोजणी आली. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत, शेजारच्या जागेवर किती तास सावली पडली तर चालेल हे ठरवून दिलं. मला यातली आवडणारी गोष्ट अशी, की ‘आमचं ऊन गेलं’ हे भांडण तासांत मोजता येऊ लागलं. नियमात बसलं की बांधा, नाही बसलं तर वरचे मजले मागे घ्या. हात जोडायचे नाहीत, ओळखी काढायच्या नाहीत.

एकदा अशाच एका सहा मजली प्रस्तावाच्या वेळी सभेत कागदावरची चित्रं कुणाला पटेनात. विकासकाच्या चित्रात झाडं इमारतीएवढी, रहिवाशांच्या पत्रकात इमारत डोंगराएवढी. स्वित्झर्लंडमध्ये बांधकामाआधी इमारतीची उंची आणि कडा दाखवणारे खांब प्रत्यक्ष जागेवर उभे करतात, ते मी वाचलं होतं. आमच्याकडे खांबांना पैसे नव्हते, म्हणून भूखंडाच्या चार कोपऱ्यांत दोऱ्याला बांधून चार गॅसचे फुगे १८ मीटरवर सोडले आणि एक रविवारभर ठेवले. मागच्या घरातल्या एक आजी दोन महिने सगळ्यात पुढे होत्या. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘एवढंच होय?’ मी मनातल्या मनात जिंकलो म्हणेपर्यंत पलीकडच्या घरातले एक गृहस्थ आले. तोवर एक शब्द न बोललेले. त्यांच्या झोपायच्या खोलीतून फुगा थेट समोर दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं पहिलं हरकतीचं पत्र आलं, आणि ते बरोबर होतं. त्या बाजूच्या गच्च्या आम्हाला फिरवाव्या लागल्या.

पार्किंगबद्दल थोडक्यात. इमारतीत जागा कमी आहे म्हणून लोक चिडतात, आणि जास्त दिली की जास्त गाड्या येतात म्हणून चिडतात. जास्त पार्किंग म्हणजे घर महाग आणि तळमजल्यावर दुकानाच्या किंवा बागेच्या जागी खांबांचं जंगल. रस्त्यावर कुणी किती वेळ गाडी लावायची, हा रस्त्याचा प्रश्न आहे. तो परवाने आणि शुल्क लावून सोडवतात. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकली. एवढ्यावर सोडतो.

राहिलं ‘परिसराचं स्वरूप’. पत्रातलं हे शेवटचं वाक्य, पण माझ्या अनुभवात पहिलं कारण बहुधा हेच असतं. हे गटार किंवा उन्हासारखं मोजता येत नाही आणि त्यामागे बरंच काही लपतं. कधी साधा जिव्हाळा असतो: रस्त्याच्या टोकाला आकाश दिसायचं, ते आता दिसणार नाही. तो मला खरा वाटतो. कधी घराच्या किमतीची धास्ती असते. डार्टमथ कॉलेजमधले अर्थतज्ज्ञ विल्यम फिशेल यांनी ही धास्ती नीट उलगडून दाखवली आहे. बहुतेक कुटुंबांची सगळी पुंजी एकाच घरात अडकलेली असते. आगीचा विमा मिळतो, पण शेजारी काही उभं राहून भाव पडला तर त्याचा विमा कुणी देत नाही. म्हणून माणूस सुनावणीला येऊन स्वतःच तो विमा काढतो. यात मला राग येण्यासारखं काही दिसत नाही. आणि कधी त्या वाक्याचा अर्थ ‘असली माणसं इथे नकोत’ एवढाच असतो, फक्त तो बोलून दाखवायचा नसतो.

या वाक्याला इतिहास आहे. ओहायोतल्या युक्लिड या छोट्या गावाच्या वापर-विभागणीला, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांना, १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. त्या निकालात न्यायालयाने बंगल्यांच्या भागातल्या सदनिकांच्या इमारतीला ‘परजीवी’ म्हटलं आहे. आजूबाजूच्या मोकळ्या जागेवर आणि उजेडावर जगणारं बांडगूळ, अशा अर्थाने. कारखान्याचा धूर किंवा कत्तलखाना घरांपासून दूर ठेवण्यासाठी जो कायदा समजण्यासारखा होता, त्याने त्याच रांगेत भाडेकरूंची इमारत बसवली. तिथून पुढे अनेक शहरांत एका भूखंडावर एकच घर, हा नियम निसर्गाचा असल्यासारखा रुजला. तुमच्या शेजाऱ्यांनी तो निकाल वाचलेला नसणार, पण वाक्य तिथलंच आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा हरकतीचं पत्र तीस जणांनी दिलं. त्या चोवीस घरांत जी माणसं उद्या राहायला येणार आहेत, त्यांच्यातलं एकही सुनावणीला नसेल. आपण इथे राहणार आहोत हे त्यांना आज माहीतच नाही. बॉस्टन विद्यापीठातल्या तीन अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अशा सभांची इतिवृत्तं मतदारयाद्यांशी ताडून पाहिली. बोलणारे बहुतांशी वयाने मोठे, बरीच वर्षं राहिलेले आणि घरमालक निघाले. नव्या घरांच्या बाजूने बोलणारे १५ टक्क्यांच्या आसपास. माझ्या अनुभवात तर तेवढेही नसत. याचा अर्थ सभेला येणारे वाईट असा नाही. सभेची रचनाच अशी आहे, की तोटा होणारा नावानिशी समोर बसलेला असतो आणि फायदा होणारा कुठेतरी दूर भाड्याच्या खोलीत असतो. तुम्ही एकेकाळी त्या खोलीत होतात, म्हणून तुमचा हात सहीला अडतोय.

म्हणूनच माझं ठाम मत असं, की किती दाटीने बांधायचं हे एका इमारतीच्या सुनावणीत ठरवूच नये. ते आधी, सगळ्या शहरासाठी एकदम ठरवावं. इमारतीच्या वेळी फक्त ‘कशी’ यावर बोलावं: फाटक, टाकी, खिडक्या, वरचे मजले मागे घेणं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये रहिवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त दाटीला एकदमच मुभा दिली. पुढच्या पाच-सहा वर्षांत घरबांधणीच्या परवानग्या दुपटीच्या पुढे गेल्या. त्यात जोडघरांच्या रांगा बऱ्याच होत्या. सगळीकडेच मुभा असल्याने एकाच गल्लीवर सगळा भार आला नाही. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराने २०१८ मध्ये एका भूखंडावर तीन घरांपर्यंत मुभा देण्याचा निर्णय घेतला, त्याचा जगभर गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तिघरी इमारती फारशा झाल्या नाहीत. घरं वाढली ती मोठ्या रस्त्यांवरच्या इमारतींमुळे आणि पार्किंगची सक्ती गेल्यामुळे. शिवाय पर्यावरण कायद्याचा आधार घेऊन विरोधकांनी ती योजना काही काळ न्यायालयात अडकवली. तेव्हा शहरभर ठरवलं की भांडण संपतं, असं मी म्हणत नाही. भांडण एकदा होतं, दर कोपऱ्यावर होत नाही, एवढंच.

अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहराचा मार्ग मला जास्त व्यवहारी वाटतो. तिथे १९९८ मध्ये शहराच्या मध्यभागात किमान भूखंडाचं माप ५,००० चौरस फुटांवरून १,४०० पर्यंत खाली आणलं. पण ज्या गल्लीतल्या मालकांना ते नको असेल त्यांना अर्ज करून आपल्यापुरतं जुनं माप राखायची सोय ठेवली. ज्यांचा विरोध खरोखर तीव्र होता ते बाहेर पडले आणि बाकी शहर पुढे गेलं. तत्त्वनिष्ठ मंडळींना हे अर्धवट वाटतं. मला कामाचं वाटतं.

दाट इमारतींना विरोध नेहमी चुकीचा असतो असं वाटू नये म्हणून माझे अपवाद सांगतो. पाडायच्या घरात आज भाडेकरू राहत असतील आणि त्यांच्या पर्यायी घराचं कागदावर काहीच नसेल, तर मी स्वतः हरकत लिहून देतो. जागा पुराच्या पाण्याच्या वाटेत असेल तर वाद घालायचीही गरज नाही. अग्निशमनाची गाडी कोपऱ्यावर वळू शकत नसेल तर वळणाचा नकाशा मागा आणि ती वळेल हे दाखवेपर्यंत हटू नका. आणि गरीब वस्तीत नवी इमारत येते तेव्हाचा विरोध वेगळ्या जातीचा असतो. तिथे भीती भाव पडण्याची नसते, भाडं वाढून आपणच बाहेर फेकले जाण्याची असते. अमेरिकी शहरांतला अभ्यास सांगतो, की कमी उत्पन्नाच्या भागात मोठी नवी इमारत झाल्यावर लगतच्या घरांची भाडी ती न होण्याच्या तुलनेत पाच-सात टक्क्यांनी कमी राहिली. पण ज्याची खोली पाडली जातेय त्याच्या हातात ही सरासरी देऊन उपयोग नाही. सधन वस्त्या विरोध करण्यात तरबेज असतात म्हणून इमारती ज्यांना पत्र लिहिता येत नाही त्यांच्या दारात जाऊन पडतात, हेही पाहिलंय.

तर तुमच्या पत्राचं असं: वाहतूक कच्ची, फाटकाची जागा मात्र पक्की. सांडपाणी कच्चं, पावसाचं पाणी पक्कं. ऊन तुमच्या दिशेवर आणि अक्षांशावर. पार्किंग हा रस्त्याचा विषय. स्वरूपाचा मुद्दा सुनावणीत मांडायचा नाही.

आहे त्या पत्रावर सही करू नका. शेजाऱ्यांना तोंडावर ‘तुम्ही स्वार्थी आहात’ असं तर चुकूनही म्हणू नका, त्याने आजवर कुणाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही. ज्यांच्या घराला इमारत खरोखर खेटते त्या दोन-तीन घरांत जा. त्यांना विचारा, नेमकं कुठल्या खिडकीतून काय जाणार आहे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारे सगळ्यात मोठ्याने बोलत असतील, त्यांना थोडं बाजूला ठेवा. मग वेगळं, एका पानाचं पत्र करा. ‘इमारतीला विरोध नाही, पुढील बदल हवेत’ अशी सुरुवात आणि खाली फाटक, टाकी, सावलीचा तासवार नकाशा, समोरासमोर येणाऱ्या खिडक्या. अशा पत्रावर आजीही सही करतात आणि ते गृहस्थही. कार्यालयातल्या माणसालाही हायसं वाटतं, कारण तीस जणांच्या ‘नाही’चं त्याला काही करता येत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. पत्र लिहिण्याआधी मंजुरीसाठी दाखल केलेल्या नकाशाची प्रत मागून घ्या, विकासकाच्या जाहिरातीतली नको. त्यात तळमजल्याचा नकाशा आधी बघा, वरचे मजले नंतर. फाटक, टाकी आणि सामासिक अंतरं (इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यामधली मोकळी जागा) तिथेच दिसतात. आणि कागदावर उत्तर दिशेचा बाण कुठे आहे ते पाहून मगच उन्हाबद्दल बोला. तो बाण उलटा धरून पाऊण तास भांडलेली एक अख्खी सभा माझ्या आठवणीत आहे, आणि अध्यक्षस्थानी मीच होतो.